पेमेंट, ड्यूटी आणि ब्रेक : नोकरीतल्या इंग्रजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूर-अंबड भागात मी संध्याकाळी कामगारांना, आयटीआयच्या मुलांना आणि ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलींना इंग्रजी शिकवते. त्याआधी अकरा वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी आणि पगारपत्रक सांभाळलं. दर बॅचला तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इंग्रजी शब्द मुद्दाम आपल्या लिपीत लिहिले आहेत, कारण माझे निम्मे विद्यार्थी ते आधी कानाने ओळखतात.

नोकरीसाठी किती इंग्रजी शब्द पाठ करावे लागतात?

पाठ करायला फारसे उरलेलेच नाहीत. शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, मस्टर, बोनस, कॅन्टीन, सुपरवायझर, परमनंट, कॉन्ट्रॅक्ट, सस्पेंड, प्रमोशन, ट्रान्सफर. सातवी शिकलेला हेल्परही हे सगळे शब्द बोलतो. अडचण निराळीच आहे. हे शब्द आपल्याकडे इतकी वर्षं राहिलेत की त्यांचा अर्थ मराठी होऊन बसलाय.

'पेमेंट झालं का?' म्हणजे पगार झाला का. पण इंग्रजीत पेमेंट म्हणजे कुठल्याही पैशांचा भरणा, मग ते विजेचं बिल का असेना. महिन्याच्या पगाराला 'पे' किंवा 'सॅलरी'. 'ड्यूटी सुटली' यातली ड्यूटी म्हणजे पाळी. इंग्रजीत नर्स आणि पोलीस 'ऑन ड्यूटी' असतात हे खरं, पण 'माय ड्यूटीज' म्हटलं की ऐकणाऱ्याला तुमच्या जबाबदाऱ्यांची यादी हवी असते. मुलाखतीत 'व्हॉट वेअर युअर ड्यूटीज?' या प्रश्नाला आमच्या एका पोराने 'फर्स्ट अँड सेकंड, नो थर्ड' असं उत्तर दिलं होतं. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

म्हणून मी नवीन शब्दांची वही करायला लावत नाही. आधी ओळखीच्याच शब्दांची वही करा, आणि समोर लिहा : मी कशाला म्हणतो, कागदावर कशाला म्हणतात.

'काम'ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

इथे मराठी एका शब्दात भागवते आणि इंग्रजी चार-पाच शब्द मागते. 'मला काम मिळालं', 'खूप काम आहे', 'एक काम कर', 'ते माझं काम नाही', 'बँकेत काम होतं'. पाचही ठिकाणी आपलं तेच काम.

वर्क म्हणजे कष्ट, व्याप. तो मोजता येत नाही, म्हणून 'अ वर्क' नाही आणि 'टू वर्क्स' तर नाहीच. जॉब म्हणजे नोकरी, ती मोजता येते : 'आय गॉट अ जॉब'. टास्क म्हणजे नेमून दिलेला एक तुकडा. बाजारात जाऊन चार गोष्टी आणायच्या ते एरंड. 'बँकेत काम होतं' याला मात्र वर्क म्हणू नका. 'आय वर्क ॲट द बँक' ऐकून लोक तुम्हाला कॅशियर समजतील. 'आय हॅड टू गो टू द बँक' एवढं पुरतं. 'ते माझं काम नाही' याला 'दॅट इज नॉट माय जॉब' हे शब्दाला शब्द बरोबर बसतं आणि ऐकायला मराठीइतकंच उद्धट लागतं.

नावाआधीच्या छोट्या शब्दांवरही लक्ष ठेवा. कंपनीच्या नावाआधी 'ॲट' किंवा 'फॉर', विभागाआधी 'इन', पदाआधी 'ॲज अ'. 'आय वर्क ॲज अ फिटर इन मेंटेनन्स' असं. मराठीत सगळीकडे 'त' प्रत्यय लागतो (कंपनीत, खात्यात, पाळीत), त्यामुळे आपण सगळीकडे 'इन' लावत सुटतो.

मुलाखतीत पहिल्या दोन वाक्यांतच चूक होते. का?

कारण ती दोन वाक्यं तुम्ही मराठीत जुळवता. 'मायसेल्फ संदीप' हे अख्ख्या भारतात चालतं, पण 'माय नेम इज संदीप' म्हणायला तेवढाच वेळ लागतो.

खरी गडबड दुसऱ्या वाक्यात आहे : 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' आपण म्हणतो, 'पाच वर्षांपासून काम करतोय' आणि 'दोन हजार वीसपासून काम करतोय'. दोन्हीकडे 'पासून' आणि क्रियापद वर्तमानकाळी. इंग्रजी या दोन 'पासून'मध्ये फरक करते. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स'. आणि काम तेव्हा सुरू होऊन आजही चालू असेल तर 'हॅव बीन' लागतं. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' 'आय हॅव बीन हिअर सिन्स २०२०.' हे एक वळण जिभेवर बसलं तर मुलाखतीतली निम्मी वाक्यं सुधारतात. मी पहिला आठवडा याच्यावरच घालवते, मुलं कंटाळतात, चालायचंच.

'आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरिअन्स'मधलं 'हॅविंग' काढून टाका. 'आय हॅव' पुरे. 'हॅविंग' जेवणाला लावा.

ऑफर लेटरमध्ये महिन्याला तीस हजार लिहिलेत. हातात किती येतील?

बहुतेक ते तीस हजार 'सीटीसी' असतील. सीटीसी म्हणजे तुमच्यापायी कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात तुमच्या खिशात कधीच न येणारे किंवा वीस वर्षांनी येणारे पैसेही धरलेले असतात. फळ्यावर मांडते तसं मांडते.

सीटीसी महिना ३०,००० रुपये, त्यात बेसिक १५,०००. कंपनी तिच्या बाजूने पीएफ (भविष्य निर्वाह निधी) भरते १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) सहसा बेसिकच्या ४.८१ टक्के बाजूला दाखवतात, म्हणजे साधारण ७२२. हे दोन्ही वजा केले की उरले २७,४७८. याला 'ग्रॉस'. आता यातून तुमचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० कापला जाईल (फेब्रुवारीत ३००, वर्षाचे मिळून २,५००). हातात २५,४७८. याला 'नेट' किंवा सगळे म्हणतात ते 'इन हँड'. सीटीसीत मेडिक्लेमचा हप्ता आणि 'व्हेरिएबल' धरला असेल तर अजून खाली.

म्हणजे चार शब्द, चार आकडे. पगार विचारला की आपण इन हँड सांगतो आणि समोरचा सीटीसी समजतो. नवीन नोकरीत मग तो त्याच्यावर वीस टक्के वाढ 'देतो' आणि तुम्ही होतात तिथेच राहता. आकडा सांगताना पुढे शब्द जोडा : 'ट्वेंटी फाइव्ह थाउजंड इन हँड'.

व्हेरिएबल या शब्दापाशी जरा थांबा. त्याचा अर्थ 'बदलणारा' असा आहे, आणि 'शून्यापर्यंत बदलणारा' हाही त्यातच येतो.

पगार, सॅलरी, वेजेस, स्टायपेंड यांत फरक आहे का?

आहे. सॅलरी महिन्यावर, ठरलेली. वेजेस मुळात दिवसावर, तासावर किंवा नगावर. कायद्याच्या भाषेत मात्र वेजेस हा मोठा शब्द आहे, साहेबाचाही पगार त्यात बसू शकतो. स्टायपेंड म्हणजे शिकणाऱ्याला दिलेला निर्वाहापुरता पैसा. ऑनरेरियम म्हणजे मानधन. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षं पगाराऐवजी 'मानधन' का मिळतं, हा शब्दांच्या निवडीचाच प्रश्न आहे.

आणि ज्याला आपण अस्सल मराठी समजतो तो 'पगार' पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे देणे. नोकर फारसीतून आला, रजा अरबीतून, मेस्त्री पुन्हा पोर्तुगीजांकडून. तेव्हा इंग्रजी शब्दांनी मराठी नोकरी बाटली वगैरे तक्रार माझ्याकडे आणू नका.

'ब्रेक दिला', 'कमी केलं', 'काढलं', 'ले-ऑफ'. इंग्रजीत हे सगळं एकच का?

अजिबात नाही, आणि या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण इथे शब्द चुकला तर पैसे बुडतात.

'टर्मिनेशन' हा सगळ्यांवरचा छत्रीसारखा शब्द. नोकरी संपली एवढंच तो सांगतो, का संपली ते सांगत नाही.

'डिसमिसल' म्हणजे गैरवर्तन सिद्ध झालं म्हणून काढणं. त्याआधी आरोपपत्र म्हणजे चार्जशीट, मग चौकशी म्हणजे एन्क्वायरी. 'सॅक' आणि 'फायर' हे बोलीतले शब्द, पत्रात दिसणार नाहीत.

'रिट्रेंचमेंट' म्हणजे तुमचा दोष नसताना माणसं कमी करणं. आपलं 'कमी केलं' याच्या अगदी जवळ आहे. ज्याची वर्षभराची सलग नोकरी झाली आहे त्याला इथे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधून ही तरतूद चालत आली आहे.

'ले-ऑफ' हा सर्वांत फसवा. अमेरिकन बातम्यांत 'लेऑफ' म्हणजे कायमचं घरी पाठवलं. आयटीतली मुलं त्याच अर्थाने बोलतात. पण आपल्या कामगार कायद्यात ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद, म्हणून काही दिवस काम देता येत नाही. नोकरी शाबूत असते. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात पात्र कामगाराला त्या दिवसांचा बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मा पैसा मिळतो. एकच शब्द, एका देशात नोकरी गेली, दुसऱ्यात नोकरी आहे.

'सस्पेन्शन'मध्येही नोकरी शाबूत, फक्त कामावर यायचं नाही. चौकशी चालू असताना निर्वाह भत्ता मिळतो, स्थायी आदेशांच्या (कारखान्यातले नोकरीचे लेखी नियम) तरतुदीनुसार पहिले नव्वद दिवस निम्मा आणि त्यानंतर, उशीर कामगारामुळे होत नसेल तर, पाऊण.

आता 'ब्रेक'. इंग्रजीत ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी. आमच्या एमआयडीसीत ब्रेक म्हणजे सहा-सात महिने काम करवून घ्यायचं, मग पंधरा दिवस घरी बसवायचं आणि नव्या तारखेने पुन्हा घ्यायचं. कारण वर्षात २४० दिवस भरले की 'कंटिन्युअस सर्व्हिस' धरली जाते. टाइम ऑफिसात असताना दर महिन्याला माझ्यासमोर यादी यायची, कोणाचे दिवस भरत आलेत त्याची. त्या यादीला शीर्षक नव्हतं. पत्रात हा ब्रेक 'आर्टिफिशियल ब्रेक इन सर्व्हिस' या नावाने येतो, तोही वकिलाने लिहिलं तर. तुम्हाला सांगायचं असेल तर म्हणा : 'दे ब्रोक माय सर्व्हिस.' 'आय टुक अ ब्रेक' चुकूनही म्हणू नका. त्याचा अर्थ, तुम्हीच विश्रांतीला गेला होतात.

'लॉकआउट' म्हणजे मालकाने गेट बंद करणं. मराठीत टाळेबंदी. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी 'लॉकडाउन'लाही टाळेबंदीच म्हटलं आणि माझ्या क्लासमधल्या एका जुन्या कामगाराने विचारलं, 'मालक कोण यात?'

ट्रेनी, अप्रेंटिस आणि प्रोबेशनर यांपैकी मी कोण?

नियुक्तिपत्र बघा. अप्रेंटिस हा अप्रेंटिस कायदा, १९६१ खालचा शिकाऊ उमेदवार. त्याला स्टायपेंड मिळतो आणि कायदा त्याला कामगार मानत नाही. प्रोबेशनर म्हणजे नोकरीत घेतलेला, पण पारखून बघण्याच्या मुदतीतला. मराठीत परिवीक्षाधीन, जो शब्द बोलताना मी कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. ट्रेनी हा मधला, धूसर शब्द. कंपनीला हवा तेव्हा तो शिकाऊ असतो आणि उत्पादनाच्या वेळी पूर्ण कामगार. पत्रात 'ट्रेनी' आणि 'स्टायपेंड' असेल तर पुढचं वाक्य 'ऑन सक्सेसफुल कम्प्लीशन'ने सुरू होतं का बघा आणि त्यात 'शॅल बी' लिहिलंय की 'मे बी'. 'शॅल बी कन्फर्म्ड' म्हणजे कायम करतील. 'मे बी कन्फर्म्ड' म्हणजे त्यांची मर्जी.

कागदावरच्या इंग्रजीत मोठे शब्द फारसे दगा देत नाहीत. शॅल, मे, सब्जेक्ट टू, ॲट द डिस्क्रिशन ऑफ हे छोटे देतात.

सुट्टी आणि रजा दोन्हींना 'लीव्ह' म्हटलं तर चालेल?

नाही. मराठीतला फरक इथे उपयोगी पडतो. सुट्टी मिळते, रजा मागावी लागते. दिवाळी, प्रजासत्ताक दिन ही सुट्टी, म्हणजे हॉलिडे. आठवड्याची ती वीकली ऑफ. अर्ज करून घेतो ती लीव्ह. आणि न सांगता मारतो तो खाडा, ज्याला कागदावर 'अनऑथोराइज्ड ॲब्सेन्स' असं भारदस्त नाव आहे.

'आय हॅव फाइव्ह लीव्ह्ज' म्हणजे माझ्याकडे पाच पानं आहेत. 'फाइव्ह डेज लीव्ह' म्हणा. सीएल म्हणजे किरकोळ रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ती वर्षाला आठ दिवस आहे. पीएल किंवा ईएल म्हणजे कमावलेली, कामाचे दिवस भरल्यावर मिळणारी, साठवता येणारी. एलडब्ल्यूपी म्हणजे बिनपगारी. कॉम्प ऑफ म्हणजे सुट्टीच्या दिवशी राबलात त्याबदल्यात दुसरा दिवस.

बायोडेटा, रेझ्युमे, सीव्ही?

बायोडेटा आता लग्नाला. तिथे उंची, रास, मामाचं कुळ लिहा. नोकरीसाठी रेझ्युमे, एक किंवा दोन पानं. ब्रिटनमध्ये त्यालाच सीव्ही म्हणतात, अमेरिकेत सीव्ही म्हणजे प्राध्यापक-संशोधकांची लांबलचक जंत्री. वडिलांचं नाव, धर्म आणि 'आय हिअरबाय डिक्लेअर' हे शेवटचं शपथपत्र रेझ्युमेत नको. उच्चार 'रेझ्युमे'. 'रिझ्यूम' म्हणजे थांबलेलं काम पुन्हा सुरू करणं.

मी बारा वर्षं मशीनवर काम केलं. ते इंग्रजीत लिहिलं की दोन ओळींत संपतं. काय करू?

कारण तुम्ही 'वर्क्ड ऑन मशीन' लिहून थांबता. मराठीत तेच काम सांगायला लावते तेव्हा अर्धा तास बोलता. मशीन लावता, टूल बदलता, पहिला नग तपासता, रिजेक्शन वेगळं काढता, नवीन पोराला शिकवता, पाळी बदलताना पुढच्याला सांगून जाता. एकेका क्रियापदाला इंग्रजी जोड आहे : सेट अप, चेंज्ड, इन्स्पेक्टेड, सेपरेटेड, ट्रेन्ड, हँडेड ओव्हर. चालवणे म्हणजे ऑपरेटेड, देखभाल म्हणजे मेंटेन्ड, देखरेख म्हणजे सुपरवाइज्ड. हे शेवटचे दोन उलटे करू नका. मशीनची देखभाल, माणसांवर देखरेख.

प्रत्येक ओळ अशा क्रियापदाने सुरू करा आणि त्यात एक आकडा घाला. किती मशीन, किती माणसं, पाळीला किती नग. 'ट्रेन्ड सिक्स हेल्पर्स' ही तीन शब्दांची ओळ 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर'पेक्षा जड आहे. ही दोन विशेषणं वाचून कोणी कोणाला नोकरी दिल्याचं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही.

बायकांनी घरचं शिवणकाम, बचत गटाचे हिशेब, मेस चालवणं 'हाउसवाइफ' या एका शब्दाखाली गाडू नये. बचत गटाचं पुस्तक तीन वर्षं लिहिलंत तर 'मेंटेन्ड अकाउंट्स ऑफ अ सेल्फ-हेल्प ग्रुप' हा अनुभवच आहे.

'एक्झिक्युटिव्ह' म्हणजे मोठी पोस्ट ना?

आपल्याकडे उलटं. सेल्स एक्झिक्युटिव्ह, कस्टमर केअर एक्झिक्युटिव्ह ही पहिली पायरी. परदेशी माणसाला एक्झिक्युटिव्ह म्हटलं की केबिनवाला साहेब डोळ्यांसमोर येतो. पदनामावर हुरळू नका, खाली किती माणसं आणि वर कोण एवढं विचारा : 'हू वुड आय रिपोर्ट टू?' सरकारी पदांची मराठी नावं बघायची असतील तर भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना त्याचा उपयोग होतो, बाकीच्यांना करमणूक.

'डू द नीडफुल', 'प्रीपोन', 'रिव्हर्ट' हे चुकीचं इंग्रजी आहे का?

भारतात चुकीचं नाही. 'डू द नीडफुल' हे साहेबाच्याच जुन्या पत्रव्यवहारातलं आहे. तिकडे ते जुनाट झालं, इकडे अर्जाच्या शेवटी टिकलं. 'प्रीपोन' हा आपला शब्द आणि माझ्या मते इंग्रजीला झालेली उत्तम मदत. 'पोस्टपोन'ला जोड नको? आता ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे. 'आऊट ऑफ स्टेशन' छावणीच्या काळातला.

फक्त समोर कोण आहे ते बघा. परदेशी ग्राहकाला 'आय विल रिव्हर्ट' लिहिलं तर तो बुचकळ्यात पडू शकतो, कारण त्याच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. तिथे 'रिप्लाय'. 'आय पास्ड आऊट इन २०१९' ऐकून त्याला वाटेल तेव्हा तुम्हाला भोवळ आली होती. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' कोणापुढेच नको.

ईमेलमध्ये साहेबांना काय लिहायचं? नुसतं नाव लिहायला जीभ, म्हणजे बोट, वळत नाही.

कळतं. आपल्याकडे पाटीलसाहेब, कुलकर्णीमॅडम, जाधवभाऊ, ताई. नुसतं नाव घेतलं तर उर्मटपणा वाटतो. पण 'रिस्पेक्टेड सर' हे अर्जाचं इंग्रजी झालं. कंपनीत 'डिअर सर' किंवा 'डिअर मिस्टर पाटील' पुरतं. मिस्टरपुढे आडनाव लावायचं, 'मिस्टर सुनील' नाही. काही कंपन्यांत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने लिहितात. तिथे महिनाभर अवघडेल, मग सवय होते. शेवटी 'युअर्स ओबिडिअंटली' नको, ते शाळेच्या रजेच्या चिठ्ठीसोबत संपलं. 'डिअर सर'ला 'युअर्स फेथफुली', नाव लिहिलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली', रोजच्या मेलला 'रिगार्ड्स'.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या निळ्या कागदाची आठवण. ज्याला कृती करायची तो 'टू'मध्ये, ज्याला फक्त कळवायचं तो सीसीत. मोठ्या साहेबांना सीसीत घेणं म्हणजे तक्रार समजली जाऊ शकते. हा शब्दसंग्रह नाही, पण शिकावा लागतो.

उच्चारांत सर्वांत जास्त काय अडतं?

एक, 'व'. मराठीचा एकच व इंग्रजीच्या दोन अक्षरांना पुरतो, त्यामुळे वेज म्हणजे मजुरी की शाकाहारी हे संदर्भावर. मजुरीच्या वेळी ओठांचा चंबू करा, भाजीच्या वेळी वरचे दात खालच्या ओठावर टेका. दोन, कॉलीग आणि कॉलेज. पहिला सहकारी, शेवट ग वर. तीन, 'रिसीट'मधला प फक्त लिहायचा. बाकी मराठी वळणाने बोला, काही बिघडत नाही.

डीए म्हणजे महागाई भत्ता की दैनिक भत्ता?

दोन्ही. पगारपत्रकात महागाई भत्ता, टीए म्हणजे प्रवास भत्त्याच्या शेजारी असेल तर दौऱ्याचा दैनिक भत्ता. ग्रॅच्युइटीचंही तसंच. आपल्याकडे ती निवृत्तीची किंवा नोकरी सोडतानाची रक्कम, अमेरिकेच्या हॉटेलात वेटरची टिप. आपली मोजतात अशी : शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० पगार आणि दहा वर्षं असतील तर १,५०,०००. साधारणपणे पाच वर्षं लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला एक वर्षावरही ती मिळते. तिथे इंग्रजी शब्द 'फिक्स्ड टर्म एम्प्लॉयमेंट' हा आहे, आणि तो 'कॉन्ट्रॅक्ट लेबर'हून वेगळा आहे. फिक्स्ड टर्ममध्ये तुम्ही थेट कंपनीचे असता, कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेकेदाराचे.

राजीनामा देताना कोणते शब्द सांभाळायचे?

'आय वुड लाइक टू रिझाइन' म्हणजे राजीनामा द्यावासा वाटतोय. द्यायचाच असेल तर 'आय रिझाइन' किंवा 'प्लीज ॲक्सेप्ट माय रेझिग्नेशन', आणि शेवटच्या दिवसाची तारीख. 'लास्ट वर्किंग डे' हा शब्द पत्रात हवाच. कारण लांबवू नका, 'पर्सनल रीझन्स' पुरतं. निघताना दोन कागद मागा : रिलीव्हिंग लेटर (आम्ही सोडलं) आणि एक्स्पीरिअन्स लेटर (इतकी वर्षं हे काम केलं). हिशेब चुकता झाला त्याला 'फुल अँड फायनल' म्हणतात. त्याच्या पावतीवर सही करताना 'नो फर्दर क्लेम' हे शब्द आहेत का पाहा. आकडा पटला नसेल तर सहीशेजारी 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत ठेवून, असं लिहितात. दोन शब्द, पण नंतर भांडायला जागा राहते.

आपले कामाचे शब्द इंग्रजीत गेलेत का?

गेलेत की. कामगार कायद्याच्या इंग्रजी मजकुरात 'बदली वर्कमन' आहे, मुंबईच्या गिरण्यांच्या गेटवर बदलीची वाट बघत उभा राहणारा तोच. १९६९ च्या महाराष्ट्र कायद्याच्या इंग्रजी नावातच 'माथाडी' आणि 'हमाल' आहेत, कारण पाठीवर, डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांना इंग्रजीत नेमका शब्दच सापडला नाही. कोकणातल्या होड्यांवरचा तांडेल आणि सारंग जहाजावरच्या जुन्या इंग्रजीतही भेटतात.

गल्फला किंवा जहाजावर जायचंय. वेगळं काही?

एजंटने दाखवलेल्या करारातले तीन शब्द तपासा. 'अकोमोडेशन प्रोव्हाइडेड' की 'अकोमोडेशन अलाउन्स' : खोली देणार की खोलीचे पैसे. 'बेसिक' की 'ऑल इन्क्लुझिव्ह' : ओव्हरटाइम त्यातच गुंडाळलाय का. आणि 'रिटर्न पॅसेज', म्हणजे परतीचं तिकीट कोणाचं. जहाजावर कामाला लागणं म्हणजे 'साइन ऑन' आणि उतरणं म्हणजे 'साइन ऑफ'. गोव्यातल्या आणि कोकणातल्या घरांत हे शब्द आजीलाही माहीत असतात.

पत्रातलं कळलं नाही तर मराठीत मागता येतं का?

कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावेत, असं १९४६ च्या कायद्यातच होतं. गेटजवळच्या काचेच्या पेटीत ते पाहा, धूळ झटकावी लागेल. नियुक्तिपत्राबद्दल मात्र सरळ विचारायचं. त्यासाठी मी सर्वांकडून एक वाक्य घोकून घेते : 'कुड यू प्लीज एक्स्प्लेन धिस क्लॉज बिफोर आय साइन?' यातलं 'बिफोर आय साइन' गाळायचं नाही. समोरचा 'ते सगळ्यांना सारखंच असतं' म्हणेल. तेव्हा मराठीत म्हणा, 'असू द्या, मला वाचून दाखवा.'